रेल्वे नसलेल्या गावाचा रेल्वे कायदा

महाराष्ट्रात धामणगावं बरीच आहेत, पण त्यांतल्या दोघांची गल्लत नेहमी होते. एक अमरावती जिल्ह्यातलं. त्याच्या नावातच रेल्वे आहे, 'धामणगाव रेल्वे'. दुसरं आमचं, बुलढाणा जिल्ह्यातल्या मोताळा तालुक्यातलं धामणगाव बढे. आमच्या नावात रेल्वे नाही, गावात रेल्वे नाही, आणि खुद्द बुलढाणा शहरातही नाही. लग्नसराईत मुंबई-पुण्याकडचा एखादा पाहुणा पत्रिकेवरचं 'धामणगाव' एवढंच वाचून तिकीट काढतो, मलकापूर झोपेत मागे टाकतो, शेगाव-अकोला-बडनेरा ओलांडून भलत्याच फलाटावर आहेराच्या पिशवीसकट उतरतो आणि तिथून फोन करतो, "मंडप कुठं दिसंना राव!"

खरी गंमत पुढेच असते. पाहुण्याचं गणित असं, की मलकापूरपेक्षा लांबचे पैसे आपण भरलेलेच आहेत, तेव्हा परत यायला वेगळं तिकीट कशाला? उलट रेल्वेकडेच आपली बाकी निघते. हे गणित तो परतीच्या गाडीतल्या टीसीला समजावून सांगतो. टीसी शांतपणे ऐकून घेतो आणि पावतीपुस्तक काढतो. लग्नात मग जेवणावळीपेक्षा त्या पावतीचीच चर्चा जास्त. नवरीचा मामा ती पावती उजेडात धरून वाचतो आणि निकाल देतो, "हे काई बरोबर नाई. केस करा."

केस करा, हे आमच्याकडे सहज म्हणतात. बांधावरून, पाण्याच्या पाळीवरून, बकरी शिरल्यावरून आमच्या केसेस चालूच असतात. पण रेल्वेच्या भाड्यावरून केस म्हटली, की माणूस जरा सावरून बसतो. समोर भाऊबंद नाही, साक्षात भारत सरकार. आणि रक्कम किती? तर एका वेळच्या चहा-भज्यांची.

मुळात आम्ही एसटीच्या संस्कारातली माणसं. एसटीत बसायचं एवढंच प्रवाशाचं काम. तिकीट चालत आपल्याकडे येतं. कंडक्टर गर्दीतून वाट काढत, कुणाच्या पायावर पाय देत, कोंबडीच्या टोपलीला वळसा घालत शेवटच्या बाकापर्यंत पोचतो आणि विचारतो, "तुमचं कुठं?" सुटे नसले, तर राहिलेले पैसे तिकिटाच्या मागच्या बाजूला लिहून देतो. शाळेत पाढे न आलेला माणूसही ते मागचं 'बाकी 6' मलकापूरपर्यंत मुठीत धरून बसतो. सगळा व्यवहार विश्वासाचा आणि समोरासमोरचा. तिकीट न काढता उतरायचं म्हटलं तरी कंडक्टर तशी संधीच देत नाही.

रेल्वेत याच्या उलट. खिडकीपाशी आपण जायचं, रांगेत आपण उभं राहायचं, कुठं जायचं ते काचेच्या भोकातून ओरडून आपण सांगायचं. गाडीत कुणी तिकीट विकायला येत नाही. जो येतो तो विचारायला येतो. आमच्या माणसाला हे पहिल्यांदा समजतं, तेव्हा फार उशीर झालेला असतो. काळ्या कोटातला माणूस येतो आणि आमचा माणूस खिशातून नोट काढून आनंदानं पुढे करतो, "या साहेब, तुमचीच वाट पाहून राह्यलो. एक शेगाव द्या."

यावर कायदा काय म्हणतो? 1989 सालचा रेल्वे कायदा अशा माणसाचे दोन वर्ग करतो. कलम 137 लबाडासाठी. फसवण्याच्या हेतूनं विनातिकीट प्रवास केला, तर सहा महिन्यांपर्यंत कैद, नाहीतर हजार रुपयांपर्यंत दंड, नाहीतर दोन्ही. कलम 138 बाकीच्यांसाठी. त्यात भाडं भरायचं आणि वर भाड्याएवढाच किंवा 250 रुपये, यांतला जो आकडा मोठा असेल तो जादा आकार. मलकापूर-शेगाव अंतर पन्नासेक किलोमीटर. त्यामुळे मोठा आकडा कोणता, याबद्दल आजवर कुणाचं दुमत झालेलं नाही. तो जादा आकारही देणार नाही म्हटलं, तर मग न्यायदंडाधिकारी.

म्हणजे 137 आणि 138 या दोन कलमांमध्ये फरक पैशांचा नाही, मनातल्या हेतूचा आहे. आणि हेतू सिद्ध करणं आमच्या माणसाला फार आवडतं. "साहेब, हेतूच नव्हता. सुटे नव्हते." "हेतू असता, तर मी संडासात लपलो नसतो का? मी तर दारातच उभा होतो." एकानं तर टीसीला स्वतःची माळ दाखवली. टीसी म्हणाला, "माउली, माळ बरोबर आहे. तिकीट?"

कायद्यातला माझा सगळ्यात आवडता भाग याच्या पुढचा आहे. प्रवासी कुठं चढला याबद्दल शंका असेल, तर गाडी मुळात जिथून निघाली तिथपासूनचं भाडं धरतात. मध्ये कुठं तिकीट तपासणी झाली असेल तर तिथपासून. आता महाराष्ट्र एक्सप्रेस निघते कोल्हापुरातून आणि जाते गोंदियाला. आमचा माणूस मलकापुरात चढतो, नांदुऱ्याच्या आधी सापडतो, आणि कायद्याच्या नजरेत तो कोल्हापूरकर ठरू शकतो! ज्यानं आयुष्यात पंचगंगा पाहिली नाही, त्यानं सिद्ध करायचं, की मी कोल्हापुरात चढलोच नव्हतो. कसं सिद्ध करणार? मलकापूरच्या एसटीचं तिकीट तेवढं खिशात असतं. आमच्या भागात जुनी जाणती माणसं एसटीचं तिकीट टाकून का देत नाहीत, याचं उत्तर इथं आहे. त्या चिटोऱ्यावर एखाद्या माणसाचं कोल्हापूरपासून संरक्षण होतं.

रेल्वे आणि कोर्ट हा विषय आमच्या जिल्ह्याला नवा मात्र नाही. दासगणू महाराजांच्या 'गजानन विजय' ग्रंथात थेट रेल्वेचा खटला आहे, आणि तोही गाडीभाड्यावरून नाही. मलकापूरच्या विष्णुसा नावाच्या भक्ताकडे जायला शेगावचे गजानन महाराज शिष्यांसह निघाले. शिष्यांनी डब्याची रीतसर व्यवस्था केली होती. महाराज मात्र दिगंबर अवस्थेत जाऊन बसले ते बायकांच्या डब्यात. आरडाओरडा, पोलीस, तक्रार, आणि प्रकरण निवाडा करणाऱ्या जठारसाहेबांपुढे. शिष्यांनी कसंबसं धोतर नेसवून महाराजांना नेलं, तर ते धोतर महाराजांनी वाटेतच सोडून दिलं. साहेबांनी बसायला खुर्ची दिली आणि अदबीनं विचारलं, की असं नग्न का फिरता? महाराजांनी त्यांना चिलीम भरायला सांगितलं. शेवटी दंड झाला तो शिष्याला, पाच रुपये. आमच्याकडे पारायणाला बसणाऱ्यांना हा अध्याय तोंडपाठ असतो. तरी त्यातला व्यवहाराचा मुद्दा फारसा कुणी उचलत नाही: रेल्वेच्या खटल्यात मोठा माणूस सुटतो आणि पिशवी धरणाऱ्याच्या नावानं पावती फाटते.

हल्लीचे खटले वेगळे. हल्ली भांडण होतं ते 'हाफ'वरून. 17 मार्च 2023 पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट. त्याआधी 2022 साली पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना पूर्ण माफी. आमच्या गावच्या आज्या त्या दिवसापासून देशाटनाला लागल्या. कुणाच्या बारशाला, कुणाच्या तेराव्याला, आणि काहीच नसलं तर मलकापूरच्या बाजारात वांग्याचा भाव विचारायला. नेमकी त्याच काळात रेल्वेची गाडी उलट दिशेला गेली. मार्च 2020 मध्ये ज्येष्ठांची सवलत बंद झाली, ती झालीच. त्याआधी साठीच्या पुरुषाला 40 टक्के आणि अठ्ठावन्नच्या बाईला 50 टक्के सूट होती. त्यामुळे आमची आजी धामणगाव ते मलकापूर सरकारी पाहुणी आणि मलकापूर ते शेगाव साधी गिऱ्हाईक.

मी स्वतः ऐकलेला संवाद आहे. पॅसेंजरमध्ये आजी खिडकीला बसलेल्या, मांडीवर दशम्यांचं गाठोडं. टीसीनं तिकीट विचारलं, तर आजींनी कमरेची चंची सोडून आधार कार्ड दाखवलं.

"आजी, हे आधार कार्ड. तिकीट?"

"जन्मसाल पाहा ना त्याच्यावर. मले फुकट हाय."

"ते एसटीत, आजी. एसटी राज्य सरकारची. रेल्वे केंद्र सरकारची."

"अन् मंग मी कोनाची व्हय?"

डबा हसला. टीसीनं पेन कानावर ठेवलं. राज्यघटनेतल्या केंद्र-राज्य संबंधांवर इतका नेमका प्रश्न त्याला प्रशिक्षणात कुणी विचारला नसावा.

तरीही त्यानं ठरवलं असतं, तर काय करता आलं असतं? कलम 139 प्रमाणे विनातिकीट प्रवाशाला गाडीतून उतरवता येतं. पण बाईसोबत पुरुष नसेल, तर तिला कुठंही उतरवता येत नाही. ती जिथं चढली ते स्टेशन, किंवा जंक्शन, किंवा शेवटचं स्टेशन, किंवा जिल्ह्याच्या मुख्य ठिकाणचं स्टेशन, आणि तेही दिवसाच. कायदा करणारी माणसं दिल्लीत बसली होती. जिल्ह्याच्या मुख्य ठिकाणी स्टेशन असणारच, असं ते धरून चालले. बुलढाणा त्यांच्या डोळ्यांपुढे नसावं. आमच्या जिल्ह्यात हे कलम अर्धं लंगडं पडतं, कारण मुख्य ठिकाणी रूळच नाहीत. खामगाव-जालना मार्गाची मागणी शंभर वर्षांहून जुनी आहे. खामगावच्या कापसासाठी इंग्रजानं 1870 साली जलंबपासून फाटा टाकला, तो खामगावातच थांबला. लोकांना वाटतं मागास भागावर अन्याय झाला. मला वाटतं, जिल्ह्यातल्या आज्यांना कायदेशीर संरक्षण मिळालं. राहता राहिलं जलंब. ते जंक्शन आहे, आणि नेमकं शेगावच्या अलीकडे. पण दर्शनाला निघालेल्या म्हातारीला शेगाव समोर दिसत असताना जलंबला उतरवेल, असा टीसी मध्य रेल्वेत अजून भरती व्हायचा आहे. त्या दिवशी आजींचे पैसे शेजारच्या माणसानं भरले आणि आजींनी त्याला 'मी काई मांगले नव्हते' असं ठणकावून सांगत एक दशमी दिली.

अशा प्रकरणांत पैसा हा निव्वळ निमित्ताचा धनी असतो, असं माझं मत होत चाललं आहे. लाखाच्या व्यवहारात माणूस तडजोड करतो. वीस रुपयांत करत नाही. मथुरेच्या एका वकिलांनी डिसेंबर 1999 मध्ये मुरादाबादची दोन तिकिटं काढली. 35 दुणे 70. बुकिंगवाल्यानं 90 घेतले. वरचे 20 रुपये परत मागायला वकीलसाहेब ग्राहक न्यायालयात गेले आणि 2022 साली जिंकले. बावीस वर्षं आणि शंभराच्या वर तारखा. न्यायालयानं 20 रुपये वर्षाला 12 टक्के व्याजानं द्यायला सांगितलं आणि वर 15 हजार दंड. आमच्या किराणा दुकानदारानं वीस रुपयांचा हिशेब तिथल्या तिथे वहीच्या पुठ्ठ्यावर केला. सरळव्याजानं मुद्दल धरून रक्कम पाऊणशेच्याही आत. "बावीस वर्सं?" तो म्हणाला. "येवढ्यात माही उधारीसुद्धा वसूल होते."

कोट्याच्या एका इंजिनिअरचं प्रकरण यापेक्षा बारीक. 2017 साली त्यानं रेल्वेचं तिकीट रद्द केलं आणि परताव्यात 35 रुपये कमी आले. माहिती अधिकाराचे पन्नासेक अर्ज केल्यावर 33 मिळाले. उरलेल्या दोन रुपयांसाठी तो आणखी तीन वर्षं भांडला. 2022 मध्ये कळलं, की हे 35 रुपये दर तिकिटामागे 2 लाख 98 हजार लोकांना परत मिळणार, म्हणजे एकूण 2 कोटी 43 लाख. त्या लाखो लोकांपैकी कितीजणांना आपले 35 रुपये अडकलेत याचा पत्ता तरी होता?

याच्या अगदी दुसऱ्या टोकाला मुंबईच्या एक बाई. मार्च 2016 मध्ये महालक्ष्मी स्टेशनवर त्यांना विनातिकीट पकडलं. दंडासह 260 रुपये भरा म्हटलं, तर बाई म्हणाल्या, आधी विजय मल्ल्याकडून नऊ हजार कोटी वसूल करा, मग माझ्याकडे या. बारा तास हुज्जत चालली. बाईंनी दंडाऐवजी सात दिवस तुरुंगात जाणं पसंत केलं. आमच्या पारावर ही बातमी पेपरात वाचली गेली, तेव्हा दोन तट पडले. एक म्हणे, बाई खरं बोलली. दुसरा म्हणे, मल्ल्यानं तिकीट काढलं होतं, विमानाचं का होईना.

आता गावच्या गुरुजींबद्दल सांगितलं पाहिजे, कारण मी त्यांचा साक्षीदार होतो. निवृत्त शिक्षक, शुद्धलेखन कडक, उभ्या आयुष्यात विनातिकीट हा शब्द फक्त उदाहरणादाखल वापरलेला. नातवानं त्यांच्या मोबाईलमध्ये तिकिटाचं ॲप टाकून दिलं आणि पैसे भरून मलकापूर-अकोला तिकीट काढून दिलं. गुरुजींनी एसटीत बसल्यापासून मोबाईलवर कीर्तन लावलं. पूर्वरंग मोताळ्याला संपला, उत्तररंग मलकापूरला रंगात आला, आणि गाडीनं नांदुरा सोडलं तेव्हा कीर्तन आणि बॅटरी दोन्ही समाप्त. त्याच वेळी काळा कोट आला.

"तिकीट?"

"मोबाईलमध्ये आहे."

"दाखवा."

"मोबाईल बंद आहे."

"मग तिकीट नाही."

नियम खरोखर असाच आहे. मोबाईल बंद पडला, तर प्रवासी विनातिकीट. गुरुजींनी व्याकरणावर बोट ठेवलं. "'नाही' आणि 'दाखवता येत नाही' या दोन भिन्न क्रिया आहेत." टीसीला भिन्न क्रिया मान्य होत्या, पण रक्कम तीच. डब्यात चार्जर द्यायला तिघं पुढे आले. तिन्ही चार्जरची पिन वेगळी आणि साध्या डब्यातलं सॉकेट नावाला. गुरुजींनी 250 द्यायला साफ नकार दिला. "मी दंडाधिकाऱ्यांपुढे उभा राहीन," असं त्यांनी म्हटलं, तेव्हा आवाजात थोडा आनंद होता हे मी नाकारणार नाही. अकोल्याला कागद झाले, तारखेला हजर राहतो असं लिहून देऊन ते सुटले.

तारखेपर्यंत गुरुजींनी फुलस्केपची बारा पानं लिहिली. आरंभ स्वातंत्र्यलढ्यापासून होता. पारावरच्या विधिज्ञांनी आपापली भर घातली. एकाच्या मते फलाटाचं तिकीट जोडलं असतं, तर सगळं मिटलं असतं. (मिटत नाही. फलाट तिकिटामुळे फार तर तुम्ही त्या स्टेशनवर चढलात एवढं ठरतं. कोल्हापूर टळतं, दंड टळत नाही.)

कोर्टाच्या व्हरांड्यात आमच्या आधी पंधरावीस जण होते. कुणी रूळ ओलांडलेला, कुणी विनाकारण साखळी ओढलेला, एकजण बायकांच्या डब्यात चढलेला, आणि परवान्याशिवाय गाडीत फुटाणे विकणारा एक, जो सगळ्या शिपायांना नावानं ओळखत होता. तो दंडाकडे दुकानाचं भाडं म्हणून पाहत असावा. त्यानं गुरुजींच्या हातातली बारा पानं पाहिली आणि कळवळून सल्ला दिला. "गुरुजी, हे वाचू नका. निस्तं कबूल म्हना. दुपारच्या आत मोकळे व्हता." आत तसंच चाललं होतं. गुन्हा कबूल? कबूल. पुढचा. गुन्हा कबूल? कबूल. गुरुजींची पाळी आली आणि त्या खोलीत त्या दिवशीचं पहिलं 'नाकबूल' उमटलं. लेखनिकानं मान वर केली.

दंडाधिकारी सभ्य माणूस होते. बारा पानांतलं पहिलं त्यांनी उभं राहून वाचू दिलं. मग विचारलं, "तपासणीच्या वेळी तिकीट दाखवलं होतं का?"

"मोबाईल बंद होता."

"म्हणजे नव्हतं दाखवलं."

गुरुजींनी शेवटचं शस्त्र काढलं. मोबाईल पूर्ण भरलेला होता. तिकिटाचा इतिहास उघडून त्यांनी पुढे केला, तारीख-वेळेसह. दंडाधिकाऱ्यांनी तो पाहिला, चष्मा काढला आणि सांगितलं, की फसवण्याचा हेतू दिसत नाही, सबब 137 लागू होत नाही. 138 चा आकार मात्र भरावा लागेल. चार मिनिटांत काम संपलं. उरलेली अकरा पानं गुरुजींनी मला परतीच्या वाटेवर वाचून दाखवली.

'फसवण्याचा हेतू दिसत नाही' या चार शब्दांसाठी गुरुजींना जादा आकार, दोन वेळचं येणं-जाणं, झेरॉक्स, साक्षीदाराचा चहा-नाश्ता, असा एकूण खर्च मूळ रकमेच्या कितीतरी पट आला. पण गावात ते वाक्य त्यांनी असं सांगितलं, की ऐकणाऱ्यांना ते राष्ट्रपतींच्या हस्ते मिळालंय असं वाटावं. पावती लॅमिनेट केली. फुटाणेवाल्याला त्याच दिवशी त्यांच्यापेक्षा किती जास्त दंड झाला, हेही ते आवर्जून सांगतात.

तारखेहून परत येताना मात्र गुरुजींनी ॲपचं नाव काढलं नाही. खिडकीवर रांग लावून दोन कागदी तिकिटं काढली, माझं आणि त्यांचं. तिकिटांचा फोटो मोबाईलमध्ये घेतला, माझ्या मोबाईलमध्येही घ्यायला लावला आणि तिकिटं शर्टाच्या वरच्या खिशात अर्धी बाहेर दिसतील अशी ठेवली. शेगाव गेलं, जलंब गेलं, कुणी येईना. नांदुऱ्याला टीसी चढला. गुरुजी ताठ बसले आणि तिकिटं हातात धरून वाट पाहू लागले. टीसीनं डब्यावर नजर फिरवली, पांढरी टोपी आणि पांढरं धोतर पाहून हात जोडल्यासारखा केला आणि न थांबता पुढे गेला.

गुरुजी उठून त्याच्या मागे निघाले.

"अहो साहेब, तपासा! पैसे मोजलेत याचे!"

"राहू द्या बाबा, विश्वास आहे," टीसी म्हणाला आणि पुढच्या माणसाला तिकीट विचारू लागला.

"विश्वासाचा प्रश्नच नाही," असं म्हणत गुरुजी मलकापूर येईपर्यंत त्याच्या मागे मागे फिरत होते.